ब्रेस्ट कॅन्सर क्लिनिकमधली को-ऑर्डिनेटर सिस्टरची सर्व्हिस : पाचपैकी चार स्टार

ब्रेस्ट कॅन्सरचं निदान झालं की आम्ही जिथे जातो त्या हॉस्पिटलमध्ये प्रत्येक पेशंटला एक को-ऑर्डिनेटर सिस्टर देतात. कुठे तिला पेशंट नॅव्हिगेटर म्हणतात, कुठे ब्रेस्ट केअर नर्स. हा रिव्ह्यू फक्त त्या सर्व्हिसचा आहे. माझ्या ताईची ट्रीटमेंट सुरू झाल्यापासून मी तिच्यासोबत प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये गेलेय, फाइल कायम माझ्याच हातात, त्यामुळे जे लिहितेय ते सगळं जवळून बघितलेलं आहे. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते, ही सोय असेल तर पहिल्याच दिवशी मागून घ्या. एक स्टार का कापला तेही पुढे लिहिलंय, ते नक्की वाचा कारण ते तुम्हाला कामाला येईल.

बाहेरून वाटतं कॅन्सर म्हणजे एक कॅन्सरचे डॉक्टर. तसं नसतं. सर्जन वेगळे, केमो देणारे मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट वेगळे, रेडिएशनचे वेगळे, मॅमोग्राफी-सोनोग्राफी बघणारे रेडिऑलॉजिस्ट, बायोप्सी तपासणारे पॅथॉलॉजिस्ट (यांची आपली कधी भेटच होत नाही पण सगळं यांच्या रिपोर्टवर अडलेलं असतं), हार्टचे डॉक्टर, जेनेटिक काउन्सेलर, प्लास्टिक सर्जन, फिजिओ, डाएटिशियन, आणि ताईला डायबेटिस आहे म्हणजे तिचे नेहमीचे शुगरचे डॉक्टरही आलेच. प्रत्येक जण आपापल्या कामात चोख, मन लावून बघणारा, पण प्रत्येकाला दिसते ती आपली स्वतःची अपॉइंटमेंट. आधीची झाली का, मधला रिपोर्ट कुठे अडकलाय, पुढची कधी आहे, हे कोणाकडेच एका जागी नसतं. आणि पेशंटकडून ते सांभाळण्याची अपेक्षा त्या दिवसांत तरी करूच नये, समोरचा बोलतोय ते कानावर पडतं पण डोक्यात काही शिरत नाही, ताईचं अगदी तसंच झालं होतं आणि माझं पण.

आम्हाला सुरुवातीला वाटत होतं की तारखा लवकर मिळाल्या म्हणजे झालं. पण खरी मेख क्रमात आहे. कोणती गोष्ट कशाच्या आधी व्हायला हवी हे चुकलं की लवकर मिळालेली तारीखही फुकट जाते, कधी कधी तर नुकसान होतं.

सिस्टरनी पहिल्या भेटीत काय केलं ते जरा नीट सांगते. त्यांनी एक कोरा कागद आडवा धरला आणि उजव्या टोकाला लिहिलं 'पहिली केमो'. मग तिथून उलट्या दिशेने डावीकडे येत गेल्या. केमोच्या आधी पोर्ट बसवायचा (छातीच्या कातडीखाली बसवतात ते छोटं डबीसारखं, दर वेळी हाताची शीर शोधायला लागू नये म्हणून), त्याच्या आधी रक्ताच्या तपासण्या. औषध ठरायच्या आधी टू-डी इको, कारण केमोतली काही औषधं आणि हर-टूचं (हर-टू म्हणजे कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रोटीन) इंजेक्शन हार्टवर परिणाम करू शकतात त्यामुळे हार्टचं पंपिंग आधी किती होतं याची नोंद लागते. स्टेज कळायला पेट-सीटी (कॅन्सर अंगात कुठवर पसरलाय ते दाखवणारा स्कॅन). आणि या सगळ्याच्या डाव्या टोकाला बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट, नुसता 'कॅन्सर आहे' एवढा नाही, तर ईआर, पीआर (हार्मोनच्या गोळीचा उपयोग होईल का ते सांगणारे), हर-टू आणि केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतायत ते) सकट. प्रत्येक गोष्टीखाली लिहिलं की फोन कोण करणार, त्या की आम्ही. आमच्या वाट्याला मोजकीच कामं आली. तो कागद ताईने अजून फाइलच्या पहिल्या पानाला लावून ठेवलाय.

ताईचा हर-टू आला टू-प्लस. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हर-टू शून्य किंवा वन-प्लस असेल तर निगेटिव्ह धरतात, थ्री-प्लस असेल तर पॉझिटिव्ह, आणि टू-प्लस म्हणजे अधांतरी, मग त्याच बायोप्सीच्या तुकड्यावर फिश नावाची टेस्ट करावी लागते आणि तिला अजून दिवस जातात. इथे आमचा जीव टांगणीला लागला होता कारण मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टची तारीख फिशच्या रिपोर्टच्या आधीची होती. नुसतं जाऊन आलो असतो तर ते म्हणाले असते रिपोर्ट आला की या, आणि पुढची तारीख कधीची मिळाली असती कोण जाणे. सिस्टरनी ती अपॉइंटमेंट रद्द न करता पुढच्या आठवड्यातल्या कोणाशी तरी अदलाबदल केली, पॅथॉलॉजीत स्वतः फोन करून सॅम्पल फिशला गेलंय ना ते विचारलं, आणि मधल्या मोकळ्या दिवसांत इको आणि पेट बसवले. पेटसाठी सकाळची पहिली वेळ मागून घेतली कारण ताईला डायबेटिस, त्या स्कॅनला काही तास उपाशी राहावं लागतं आणि शुगर खूप वाढलेली असली तर स्कॅन नीट येत नाही, कधी कधी परतही पाठवतात. शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं ते तिच्या डॉक्टरांना विचारून घ्या असं आधीच सांगितलं. हे सगळं आम्हाला सुचणं शक्यच नव्हतं.

आता क्लिपचं सांगते, ज्यासाठी मी या सर्व्हिसची आयुष्यभर ऋणी राहीन. फिश पॉझिटिव्ह आलं म्हणजे हर-टू पॉझिटिव्ह, कॅन्सर काखेतल्या गाठीतही सापडला होता, म्हणून आधी केमो आणि नंतर ऑपरेशन असं ठरलं. अशा वेळी केमो सुरू होण्याआधी गाठीच्या आत धातूची एक बारीकशी क्लिप बसवतात, सोनोग्राफीत बघून सुईने, आणि काखेतल्या गाठीतही बसवतात. का, तर केमोने गाठ छान विरघळली, कधी कधी पूर्ण दिसेनाशी झाली, तर ऑपरेशनच्या वेळी सर्जनला नेमकी जागा कळणार कशी? क्लिप असेल तरच कळते. तर झालं असं की केमोची तारीख लागली होती आणि क्लिपची तारीख रेडिऑलॉजीने त्यानंतरची दिलेली. दोन्ही डिपार्टमेंटनी आपापल्या परीने लवकरात लवकरची तारीख दिलेली, दोघांच्याही कॅलेंडरमध्ये काही चुकीचं दिसत नव्हतं. आम्ही तर खूश होतो की दोन्ही तारखा मिळाल्या. सिस्टरनी कागदावर दोन्ही बघितल्या आणि आमच्यासमोरच फोन उचलला, "सर, या पेशंटला निओॲडज्युव्हंट आहे, क्लिप आधीच लागेल, उद्या कुठे बसेल का बघा ना." (निओॲडज्युव्हंट म्हणजे ऑपरेशनच्या आधी दिलेली केमो.) दुसऱ्या दिवशी दुपारी क्लिप बसली. पुढे ताईची गाठ केमोने हाताला लागेनाशी झाली, ऑपरेशनच्या सकाळी रेडिऑलॉजीत त्या क्लिपपर्यंत बारीक वायर घातली आणि त्या वायरच्या आधाराने सर्जननी नेमका तेवढाच भाग काढला, ब्रेस्ट वाचला. एका फोनवर हे सगळं अवलंबून होतं हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

म्हणून मी म्हणते की या माणसाकडे नुसतं कॅलेंडर असून चालत नाही, तिला मेडिकल कळायला हवं आणि डॉक्टरांना थेट फोन करण्याचा अधिकार हवा. काही ठिकाणी रिसेप्शनवरच्याच कोणाला तरी को-ऑर्डिनेटर म्हणून बसवतात, माझ्या मैत्रिणीच्या आईच्या वेळी असंच होतं, ती मुलगी स्वभावाने फार गोड होती पण तारीख दिली की तिचं काम संपायचं. आमच्या सिस्टर ट्यूमर बोर्डात बसतात. ट्यूमर बोर्ड म्हणजे सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट, रेडिऑलॉजिस्ट सगळे एकत्र बसून एकेका पेशंटचे रिपोर्ट समोर ठेवून काय करायचं ते ठरवतात ती मीटिंग. पेशंट तिथे नसतो, म्हणून पेशंटची बाजू माहीत असणारं कोणीतरी तिथे असणं फार मोठी गोष्ट आहे. ताई घरात एकटीच आजारी सासूबाईंचं बघते, तिला शुगर आहे, हे तिथे सिस्टरनीच सांगितलं. आणि संध्याकाळी आम्हाला फोन करून साध्या भाषेत सांगितलं की काय ठरलं आणि का ठरलं. आधी केमो का, हा प्रश्न भावोजींच्या मनात सारखा यायचा, गाठ आत ठेवून कसली केमो देतायत, आधी काढून टाका ना. सिस्टरनी शांतपणे समजावलं की हर-टू पॉझिटिव्ह आणि काखेत गेलेल्या गाठीत आधी औषध दिलं की ते औषध लागू पडतंय का हे डोळ्यांनी दिसतं, आणि ऑपरेशननंतर काढलेल्या भागात काही उरलेलं दिसलं तर पुढचं इंजेक्शन बदलता येतं. त्यानंतर भावोजी रात्री झोपायला लागले.

ही कल्पना कुठून आली ते मी शोधून वाचलं. न्यूयॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलमध्ये डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन नावाचे सर्जन होते, त्यांच्याकडे गरीब बायका कॅन्सर फार पुढे गेल्यावर यायच्या, म्हणून १९९० मध्ये त्यांनी पेशंटला हात धरून पुढे नेणारी माणसं नेमली, पेशंट नॅव्हिगेशन हे तिथून सुरू झालं. तिथल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांमध्ये पाच वर्षं जगण्याचं प्रमाण आधीच्या काळात ३९ टक्के होतं ते नंतरच्या काळात ७० टक्क्यांवर गेलं. त्यात स्वस्तात किंवा फुकट तपासणीची सोय केली त्याचाही वाटा होता, फक्त नॅव्हिगेटरमुळे झालं असं कोणी म्हणत नाही. तरी मला ते वाचून फार बरं वाटलं, कारण यांच्या कामाला 'मदतनीस' म्हणून खालचं समजतात ते मला अजिबात पटत नाही.

केमो चालू असतानाची सर्व्हिस उत्तम, पूर्ण मार्क. प्रत्येक सायकलच्या आदल्या दिवशी सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी), आणि त्याचा रिपोर्ट त्या स्वतः बघून ठेवायच्या, म्हणजे पांढऱ्या पेशी कमी असतील तर आम्हाला घरीच कळायचं, तिथपर्यंत हेलपाटा पडायचा नाही. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पेशी सगळ्यात खाली असतात, त्या दिवसांत दुसऱ्या कुठल्याच अपॉइंटमेंट ठेवायच्या नाहीत हा त्यांचा नियम. दातांच्या डॉक्टरांकडे केमो सुरू व्हायच्या आधीच पाठवलं होतं, मला तेव्हा कळलंच नव्हतं दातांचा काय संबंध, पण केमोत दाताचं इन्फेक्शन परवडत नाही आणि पुढे हाडांसाठीचं इंजेक्शन द्यायचं तर दात आधीच तपासलेले लागतात. शुगरच्या डॉक्टरांची भेटही पहिल्या केमोआधीच, कारण केमोसोबत स्टेरॉइड देतात आणि त्याने शुगर एकदम वर जाते. आणि तापाचं म्हणाल तर एक छापील कार्ड दिलं होतं, ताप ३८ डिग्री म्हणजे १००.४ च्या वर गेला की गोळी घेऊन वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीत यायचं आणि हे कार्ड दाखवायचं. एकदा रात्री वेळ आली. कार्ड दाखवल्यावर आम्हाला बाकावर बसवून ठेवलं नाही, लगेच रक्त घेतलं आणि अँटिबायोटिक सुरू केलं.

आमच्या आत्यालाही ब्रेस्ट कॅन्सर होता, म्हणून जेनेटिक टेस्टचं रक्त सुरुवातीलाच घेतलं. रिपोर्टला काही आठवडे लागतात, आणि बीआरसीए (ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढवणारा, घराण्यात चालत येणारा जीनमधला दोष) पॉझिटिव्ह आलं तर ऑपरेशन किती मोठं करायचं ते बदलू शकतं, मग ऑपरेशनच्या तोंडावर टेस्ट करून काय उपयोग. ताईचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, त्या दिवशी मी आधी स्वतःसाठी रडले मग तिच्यासाठी. ज्या मुली वयाने लहान आहेत, मूल हवंय, त्यांच्यासाठी सिस्टर पहिल्याच भेटीत फर्टिलिटीच्या डॉक्टरांचं विचारतात, स्त्रीबीज काढून ठेवायला साधारण दोन आठवडे लागतात आणि ते केमोच्या आधीच व्हायला हवं. आमच्या शेजारी बसलेल्या एका मुलीला हे विचारलं तेव्हा तिचा चेहरा मी बघितला, तिला तोपर्यंत कोणीच विचारलं नव्हतं.

आता कापलेला स्टार.

ऑपरेशन झालं आणि ही सर्व्हिस मध्येच संपल्यासारखी झाली. म्हणजे कागदावर होती, पण रेडिएशन दुसऱ्या बिल्डिंगमध्ये, त्यांचं रजिस्टर वेगळं, त्यांची अपॉइंटमेंट देणारी माणसं वेगळी, आणि नेमक्या तेव्हाच आमच्या सिस्टर मोठ्या रजेवर. त्यांच्या जागी कोण, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. नंबर दिलेला होता तो वाजत राहायचा. डिस्चार्जच्या वेळी हाताच्या व्यायामाचा छापील कागद मिळाला पण फिजिओची अपॉइंटमेंट कोणीच लावली नाही. काखेतल्या गाठी काढल्यावर खांदा आखडतो हे ऐकून होतो, ताई कागद बघून जमेल तसं करायची, दुखलं की थांबायची. मग रेडिएशनच्या प्लॅनिंगचा सीटी, ज्याला सिम्युलेशन म्हणतात, त्याला गेलो तर तिथे हात डोक्याच्या वर नेऊन स्थिर ठेवावा लागतो. ताईचा हात खांद्याच्या वर जाईना. टेबलवर पडून ती दात ओठ खाऊन प्रयत्न करत होती, टेक्निशियन बिचारा म्हणत होता जबरदस्ती करू नका. परत पाठवलं. मग फिजिओ शोधा, व्यायाम सुरू, नवीन तारीख, आणि तोपर्यंत रोज मनात एकच की उशीर होतोय. फिजिओ मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या की ऑपरेशननंतर लगेच आला असतात तर एवढं आखडलंच नसतं.

हे मला फार लागलं. कारण चूक कोणा एका माणसाची नव्हती, को-ऑर्डिनेटर ज्यासाठी ठेवलीय नेमकी तीच फट होती ती. सगळी सर्व्हिस एका माणसाच्या डोक्यात असेल तर ती रजेवर गेली की सर्व्हिसही रजेवर. त्यांच्याकडे तो कागद कॉम्प्युटरवर हवा, दुसऱ्या सिस्टरला उघडून बघता येईल असा, आणि रेडिएशन, फिजिओ हेही त्यातच हवेत.

बारीक तक्रारी अजून दोन. हॉस्पिटलच्या ॲपवर येणाऱ्या वेळा आणि सिस्टरनी सांगितलेल्या वेळा जुळत नाहीत, बदललेली अपॉइंटमेंट ॲपमध्ये तशीच जुनी दिसत राहते, आम्ही शेवटी ॲप बघणंच सोडलं. आणि इन्शुरन्सच्या मंजुरीत या सर्व्हिसचा काहीच हात नाही, ते सगळं वेगळ्या काउंटरवर, तिथे मात्र तुम्हीच तुमचे.

सिस्टर परत आल्यावर गाडी पुन्हा रुळावर आली हेही लिहायला हवं. ऑपरेशनचा फायनल रिपोर्ट यायच्या दिवसानंतरचीच मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टची वेळ, हर-टूचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी वर्षभर चालतं ते आणि रेडिएशनची सिटिंग एकाच दिवशी जोडून, दर तीन महिन्यांनी इको, हार्मोनची गोळी सुरू करायच्या आधी हाडांची डेक्सा (हाडं किती मजबूत आहेत ते बघणारा स्कॅन), सगळं त्यांनी नव्या कागदावर लावून दिलं. रेडिएशन पूर्वी पाच-सहा आठवडे चालायचं ते आता बऱ्याच जणींना तीन आठवड्यांत आटोपतं, ताईचंही तसंच झालं, त्यामुळे ती धावपळ वाटली त्यापेक्षा कमी झाली.

ज्यांच्या हॉस्पिटलमध्ये ही सोय नाही त्यांनी घरातला एकच माणूस नेमा, दोन नको, दोघांत निरोप हरवतात. प्रत्येक डॉक्टरांना उठताना एवढंच विचारा, "तुमच्या पुढच्या स्टेपच्या आधी काय काय झालेलं लागेल, आणि कोणाचा रिपोर्ट यायचा बाकी आहे?" उत्तर तिथेच लिहून घ्या. दुसऱ्या ठिकाणी ओपिनियन घ्यायचं असेल तर नुसते रिपोर्ट नेऊन भागत नाही, बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला बायोप्सीचा तुकडा) आणि स्लाइड, आणि स्कॅनच्या सीडी लागतात, ब्लॉक मिळायला अर्ज आणि वेळ लागतो म्हणून ते आधीच मागून ठेवा. निदानानंतर तयारीत दोन-तीन आठवडे गेले तर घाबरू नका, तेवढा वेळ बहुतेकांना लागतोच, मात्र रिपोर्ट कुठेतरी पडून राहिलाय म्हणून गेलेला वेळ तसा नसतो, तिथे फोन करून मागे लागा, त्यात लाजायचं काही नाही. आणि ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी फिजिओची तारीख ऑपरेशनच्या आधीच घेऊन ठेवा.

आम्ही हॉस्पिटलला लेखी दिलंय की रजेच्या काळात बदली सिस्टर ठेवा आणि डिस्चार्जच्या कागदावर फिजिओची तारीख छापूनच द्या. दुसरी गोष्ट त्यांनी सुरू केली, परवा इंजेक्शनला गेलो तेव्हा एका पेशंटच्या हातातल्या डिस्चार्ज पेपरवर मी स्वतः बघितली. पहिलीचं अजून काही कळलेलं नाही, पुढच्या इकोच्या वेळी परत विचारणार आहे.